गव्हाण आणि बॅटरी

"म्या काय म्हणतो दाजी, गाडी इकून टाका. तुमच्या गुडघ्यात किकपुरता दम न्हाय, अन् बटनाला जीव न्हाय."

मामाचं हे बोलणं मी आत कपबश्या विसळताना ऐकलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, भूमकडचा. भाऊबीजेला आला होता आणि ओवाळणी, जेवण सगळं आटोपून ओसरीवर माझ्या वडिलांजवळ बसला होता. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा काय म्हणतात ते नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बंद केला. सुपारी कातरल्याचा आवाज तेवढा आला. मग मामाच पुढं बोलला. त्याच्या गावात एक गिऱ्हाईक होतं. येत्या बाजारादिवशी, म्हणजे चार दिवसांनी, तो त्याला घेऊनच येणार होता.

"बघू," अण्णा म्हणाले.

आमच्या घरात अण्णांचं 'बघू' म्हणजे 'नाही' असायचं, हे मला लहानपणापासून माहीत. सहलीला जाऊ का, नवी सायकल घ्या, सगळ्याला 'बघू'. त्या दिवशीचा 'बघू' मात्र 'हो'कडं झुकलेला निघाला. तो ऐकून मी कप पुन्हा एकदा धुतला.

मी तेव्हा पुण्यात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत येरमाळ्याला आले होते. उन्हाळ्यात बार्शीला अण्णांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चालता येत होतं, गाडीही चालवता येत होती, फक्त किक मारायची नाही असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. आमचं शेत गावापासून चार किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तिकडं एसटी जात नाही, रिक्षा जात नाही. त्यामुळं अण्णांचं सगळं येणंजाणं हँडलवरच्या त्या अंगठ्याएवढ्या बटनावर येऊन ठेपलं होतं, आणि गणपतीनंतर बटन दाबलं की गाडी नुसती 'कट' असं म्हणून गप्प बसायला लागली.

फाट्यावरच्या मिस्त्रीनं दोनदा बॅटरी चार्ज करून दिली. दोन्ही वेळा आठ दिवस गाडी झकास चालली, नंतर परत तेच. मग नवी बॅटरी टाकली. तीही पंधरा दिवसांत तशीच झाली. मिस्त्री म्हणाला, अण्णा, तुमचं जाणंयेणं जवळचं, गाडी पळत नाही, म्हणून चार्जिंग होत नाही. ते अण्णांना पटलं. त्यानंतर ते शेतातून सरळ घरी यायचं सोडून हायवेनं लांब वळसा घालून यायला लागले, बॅटरीला व्यायाम म्हणून. आई म्हणायची, पेट्रोल जाळून वीज भरायचा हा कोणता हिशेब.

सकाळी घरून निघताना शेजारचं कुणी किक मारून द्यायचं. परत येताना शेतात कोण असणार? दिवाळीच्या आधी एकदा ते दुपारपासून बांधावर बसून राहिले. फोन करून कुणाला बोलवायचं त्यांना जमलं नाही. शेवटी मेंढरांमागं चाललेल्या एका माणसानं काठी खाली ठेवली, किक मारून दिली आणि मग ते घरी आले. ही गोष्ट आईनं मामाला सांगितली होती, आणि तिथूनच गाडी विकायचा विषय निघाला होता. मामाचं काही चुकत नव्हतं. गाडी विकली की अण्णा ओसरीवर बसणार आणि शेतातल्या ज्वारीच्या बातम्या दुसऱ्यांच्या तोंडून ऐकणार, एवढंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

जाताना मामानं मला हाक मारली. "भाचीबाई, काय तरी बोला की. का तुमच्या शाळंत बोलायची पन येगळी फी हुती?"

मी हसले. हसणं हे माझं नेहमीचं उत्तर होतं. पहिलीपासून इंग्लिश मीडियममध्ये गेल्यामुळं माझ्याविषयी गावात समज असा होता की मला सगळं येतं आणि मी आखडूपणानं बोलत नाही. शाळेत उलटं होतं. तिथं माझं इंग्रजी कच्चं आहे हे सगळ्यांना कळेल या भीतीनं मी गप्प बसायची, आणि गावात आल्यावर माझं मराठी पुस्तकी आहे म्हणून हसतील या भीतीनं. दोन्हीकडची मिळून एक चांगलीच शांत मुलगी तयार झाली होती.

ही गाडी मी पहिलीत असताना आली. शंभर सीसी, काळी, टाकीवर लाल पट्टा. शाळेची बस गावात यायची नाही, हायवेच्या फाट्यावर थांबायची. अण्णा मला टाकीवर बसवून तिथं सोडायचे. हिवाळ्यात टाकी बर्फासारखी लागायची, म्हणून ते आपला टॉवेल दुमडून खाली घालायचे. पेट्रोलचा, टॉवेलचा आणि माझ्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा मिळून जो वास व्हायचा तो मला आजही कुठंतरी पेट्रोल पंपावर अचानक येतो आणि मी क्षणभर सात वर्षांची होते.

सहावीत गेल्यावर मी अण्णांना सांगितलं की मला लिंबाच्या झाडापाशी सोडत जा, फाट्यापर्यंत नको. झाड फाट्याच्या शंभर पावलं अलीकडं होतं. गाडीला मागं चाऱ्याची पेंडी बांधलेली असायची आणि बसच्या खिडकीत मुली असायच्या. कारण मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी झाडापाशी थांबायला लागली. पण बस निघेपर्यंत ते तिथंच थांबायचे, हे मला बसच्या मागच्या काचेतून दिसायचं.

गाडीच्या आधी घरात बैल होते, आणि गाडीनंतरही बरीच वर्षं होते. अण्णांच्या हाताला एक विशेष सवय होती. कोणतीही गोष्ट धुतली तर ते ती वरवर कधीच धुवायचे नाहीत. पोळ्याला बैल ओढ्यावर नेले की खुरांच्या फटीत, कानामागं, शेपटीच्या बुडाला, सगळीकडं बोट फिरायचं. आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला लोणी आणि हळद लावताना ते बैलाशी हळू आवाजात बोलायचे. काय बोलायचे ते मी कधी ऐकलं नाही, कारण मी जवळ गेले की ते थांबायचे. आम्ही दोघं त्या बाबतीत सारखेच. शिंगं रंगवायचं काम मात्र मला बघू द्यायचे. रंगाचा डबा मी धरायची. आधी शिंग काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, मग कपड्यानं पुसायचं, मग रंग. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात बैल विकले. नांगरट, पेरणी सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर होत होतं, बैलांना काम उरलं नव्हतं, आणि गुडघा दुखत असताना त्यांचं वैरणपाणी होत नव्हतं. त्या वर्षीचा पोळा मी पुण्यात होते. आईनं फोनवर फोटो पाठवला. अंगणात गाडी उभी, चकाचक. हँडलला बैलांचे गोंडे बांधलेले, टाकीवर हळदीकुंकू, सीटवर ताटलीत पुरणपोळी. बाजूला अण्णा, टोपी घालून, अगदी गंभीर. चारी बाजूंनी सुटी करून गाडी रंगवली, दोन दिवस लागले, असं आईनं लिहिलं होतं. मी तो फोटो होस्टेलमध्ये कुणालाच दाखवला नाही. झोपायच्या आधी मात्र दोन-तीनदा उघडून बघितला.

तर मामा गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॅगेतून वीज मोजायचा मल्टिमीटर काढला. पिवळा, साधा, पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलसाठी घेतलेला. गाडीचं चार्जिंग घरच्या घरी कसं तपासायचं यावर मी सकाळभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते. सगळे परदेशातले, स्वच्छ गॅरेजमधले. माझ्या अंगणात एक कोंबडी होती आणि कंपाउंडवरून बघणाऱ्या शेजारच्या काकू.

साइडचं झाकण काढून मी लाल वायर बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी उणे टोकाला लावली. बारा पॉइंट एक व्होल्ट. मग किक मारली. तीन वेळा पाय सटकला. काकूंनी विचारलं, काय करायलीस गं. मी म्हटलं, काही नाही. पाचव्या किकला गाडी सुरू झाली आणि आवाजानं अण्णा बाहेर आले.

मला वाटलं ते 'ऱ्हाऊ दे' म्हणतील. ते ओसरीच्या कडेला बसले आणि मीटरच्या आकड्यांकडं बघायला लागले.

"ह्यो आकडा किती व्हायला पायजे?" त्यांनी विचारलं.

गाडी रेस केल्यावर चौदाच्या आसपास जायला हवा, मी सांगितलं. मग मला दोन हात कमी पडतात हे बघून ते उठले, सीटवर बसले आणि ॲक्सिलरेटर हातात घेतला. मी बोटानं वर म्हटलं की ते रेस करायचे, खाली म्हटलं की सोडायचे. आकडा बारा पॉइंट दोनवर आला आणि तिथंच बसला. इंजिन कितीही ओरडलं तरी हलेना.

म्हणजे इंजिन पळतंय पण बॅटरीत काही भरत नाही. हे त्यांना कसं सांगावं याचा मी विचार करत होते, कारण माझ्याजवळचे सगळे शब्द इंग्रजी होते. मी कसंबसं म्हटलं की वीज तयार व्हायला पाहिजे, मग तिला सरळ करून बॅटरीला द्यायला पाहिजे, आणि मध्ये कुठंतरी गडबड आहे.

अण्णांनी गाडी बंद केली. "म्हंजी बैल चारा खाईना, का खाल्लेला अंगी लागंना?"

मी मीटर खाली ठेवला.

"आधी गव्हाणीत चारा पडतोय का ते बघायचं," ते म्हणाले. "मग बैल तोंड लावतोय का ते. मग अंगी लागतोय का. उगं बैलच बदलून काय उपेग?"

मिस्त्रीनं बैलच बदलला होता. आमच्या सरांनी दोन तास फळ्यावर आकृत्या काढून जे सांगितलं असतं ते अण्णांनी तीन वाक्यांत सांगितलं, आणि पुढचे दोन दिवस आम्ही त्याच क्रमानं गेलो.

गव्हाणीत चारा टाकणारी म्हणजे इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल. तिच्यापासून तीन पिवळ्या वायरी एका प्लास्टिकच्या कपलरमध्ये येतात. कपलर सोडवला. तो जळून काळा पडलेला असेल असं व्हिडिओत सांगितलं होतं, आमचा नव्या नवरीसारखा स्वच्छ निघाला, कारण पोळ्याला तोसुद्धा पुसलेला होता. मीटर एसीवर, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर ठेवला, दोन-दोन वायरींच्या तीन जोड्या तपासल्या. अण्णा रेस करत होते आणि आकडे मोठ्यानं वाचत होते, शाळेत पाढे म्हणतात तसे. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे आले आणि रेसबरोबर वर चढले. चारा पडत होता.

दुसऱ्या दिवशी राहिला रेग्युलेटर. कॉइलमधून आलेली वीज सरळ करून बेतानं बॅटरीला देणारी ती अॅल्युमिनियमची छोटी डबी, पाठीवर पन्हाळीसारख्या रेघा असलेली, सीटखाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एका बोल्टानं बसवलेली. तोच गेला असणार असं माझं जवळजवळ ठरलं होतं. मी तोंडानं मात्र काही बोलले नाही. न बोलण्याची सवय त्या एकाच वेळी माझ्या कामाला आली. बोलले असते तर अण्णा लगेच फाट्यावर जाऊन नवा घेऊन आले असते, आणि तो नवा त्याच जागी, तसाच बसला असता.

ऊन उतरलं होतं. गाडी चालू होती. आई दारात चहा घेऊन उभी होती आणि मी तिच्याकडं बघताना माझ्या हातातलं काळ्या वायरीचं टोक बॅटरीवरून घसरलं आणि रेग्युलेटरच्या पाठीवर टेकलं. मीटरवर चौदा पॉइंट दोन.

मी टोक परत बॅटरीच्या उणेला लावलं. बारा पॉइंट दोन. परत रेग्युलेटरच्या पाठीवर, चौदा पॉइंट दोन. लाल वायर जागची हलली नव्हती. रेग्युलेटर आपलं काम चोख करत होता. त्याचं अंग आणि बॅटरीचं उणे टोक, दोन्ही चासीला जोडलेली, म्हणजे विजेच्या दृष्टीनं दोन्ही एकच असायला हवीत. ती एक नव्हती. त्यांच्या मध्ये काहीतरी होतं.

मी खाली वाकून बघितलं. रेग्युलेटर आणि चासीच्या मध्ये काळी, चमकदार रेघ होती, डोळ्यात काजळ घालावं तशी. बोल्टाच्या वॉशरखालीही तीच. ऑइल पेंट, ज्यातून वीज जात नाही. चासीला तर होताच, रेग्युलेटर सोडवून त्याच्या बुडाखालीही दिलेला, कोपरा न सोडता, दोन हात. पहिला वाळल्यावर दुसरा.

दुसरा कुणी असता तर रेग्युलेटर तसाच ठेवून भोवतीनं ब्रश फिरवला असता. गाडीला काही झालं नसतं.

"काय दिसलं?" अण्णांनी सीटवरून विचारलं.

"बघते," मी म्हटलं. "उद्या सकाळी बघते."

त्यांनी गाडी बंद केली. आम्ही तिघांनी ओसरीवर चहा घेतला. अण्णा त्या दिवशी बरेच बोलले. बैलांपैकी डावीकडचा कसा कामाच्या आधी एकदा मागं वळून बघायचा, लहानपणी डबा धरताना त्याच्या शिंगाचा रंग मी माझ्याच कपाळाला कसा लावून घेतला होता. मी ऐकत होते आणि माझ्या मनात दुसरंच चालू होतं. गुपचूप रंग खरवडून 'वायर लूज होती' असं सांगता आलं असतं. पण पुढच्या पोळ्याला मी नसणार. ते पुन्हा सगळं सोडवतील, पुन्हा दोन हात देतील. आणि खरं सांगावं तर, दोन महिने ज्यानं त्यांना अडवून ठेवलं, बांधावर बसवलं ते त्यांनीच केलं होतं, तेही पोळ्याला, तेही लाडानं. मामाला कळलं तर तो वर्षभर हसेल. कुठलंही वाक्य मनात जुळवून बघितलं तरी ते बोलण्यासारखं वाटेना.

तो मीटर अजून माझ्याजवळ आहे, पुण्यातल्या टेबलाच्या खणात. मी आता ज्या ठिकाणी काम करते तिथं यापेक्षा कितीतरी चांगली उपकरणं आहेत. त्याचा सेल मात्र मी दरवर्षी बदलते.

बाजाराच्या दिवशी सकाळी अण्णा चरवी घेऊन डेअरीला दूध आणायला गेले, चालत. मी तेवढ्यात बोल्ट सोडला. काचपेपर घेऊन चासीवरची ती जागा, डबीचं बूड, वॉशर, सगळं घासलं, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर काळे पापुद्रे पडले. परत बसवून किक मारली. मीटरची टोकं चिकटपट्टीनं बॅटरीवर बसवली. रेस केल्यावर आकडा बारा, तेरा करत चौदा पॉइंट एकवर जाऊन थांबला. मला कुणाला तरी हाक मारावीशी वाटली. काकू नेमक्या त्या वेळी कंपाउंडवर नव्हत्या.

अण्णा परत आले तेव्हा गाडी चालूच होती. मी मीटर त्यांच्यापुढं धरला. ते आकडा बघून हसले. मग त्यांची नजर वर्तमानपत्राकडं गेली. चरवी खाली ठेवून, गुडघ्यावर हात दाबत ते वाकले आणि एक पापुद्रा उचलून त्यांनी दोन बोटांत चुरला. घासलेल्या जागेकडं बघितलं. पाय धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

तेवढ्या वेळात मी गाडी चालू ठेवून बॅटरी भरून घेतली. साडेदहाच्या सुमाराला मामा गिऱ्हाइकाला घेऊन आला. तो सोबतचा माणूस साधा, पांढऱ्या टोपीचा, गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं सरळ बटन दाबलं. पहिल्याच दाबाला गाडी सुरू झाली. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"दाजी, ही तर बोलायली की," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "अन् तुमी कधी बोलणार?"

त्या पाहुण्यानं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणली, दोनदा बंद करून पुन्हा सुरू केली. त्याला ती फारच आवडली. रंग तर नव्यासारखा आहे, तो म्हणाला. कुणी दिला? आईनं अण्णांकडं बोट दाखवलं. मला वाटलं होतं, गाडी सुरू झाली की विषय संपेल. झालं उलटंच. बिघडलेली गाडी घ्यायला आलेला माणूस आता चांगली गाडी बघून खुर्चीत पक्का बसला होता, आणि मामा म्हणत होता की हीच वेळ आहे, आठ दिवसांनी परत बंद पडली तर कोण विचारणार.

"आता न्हाय पडायची बंद," अण्णा म्हणाले. त्यांनी गाडीची किल्ली काढून हातात घेतली होती. तिला बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू बांधलेलं होतं. ते सोडवायला त्यांनी गाठीला नख लावलं. "घिऊन जावा पावनं. तिचं कायबी बिघडलं नव्हतं. म्याच बिघडवली. चांगल्या जागी रंग फासून ठिवला. आता माझ्या हातातलं काम माझं मला कळंना."

मामा हसला नाही. आई चहाचा ट्रे धरून उभीच राहिली. गाठ जुनी होती, सुटत नव्हती, आणि सगळे त्या गाठीकडं बघत होते.

माझं वाक्य तयार होतं. मला लिंबाचं झाड आठवलं, बसच्या मागच्या काचेतून लहान होत जाणारी गाडी आठवली. तेव्हाही मी काही बोलले नव्हते. मी ओसरीवरून खाली उतरले, अण्णांच्या हातातून किल्ली घेतली, घुंगरासकट, आणि ती गाडीला लावली. माझी पाठ सगळ्यांकडं होती, त्यामुळं जरा सोपं गेलं. मग मी वळले.

"गाडी द्यायची नाही, मामा," मी म्हटलं. "अण्णा, पुढच्या पोळ्याला मी सुट्टी काढून येते. डबा मी धरीन, रंग तुम्ही द्या. हा एवढा एक बोल्ट तेवढा कोरा ठेवू."